मोकळ्या दिवसांची शिदोरी

महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांच्या देव्हाऱ्यांत शाळिग्राम असतो. तो नेपाळांतील काली गंडकीच्या पात्रांतून येतो, हें वडीलधाऱ्यांस ठाऊक असतें. त्याच गंडकीच्या खोऱ्यांत, पाठीवर पिशवी टाकून, पायीं जाण्याची हौस अलीकडे तरुण पिढींत वाढली आहे. अन्नपूर्णा पर्वतराजीला वळसा घालणारी तेथील वाट जगांतील पदयात्रिकांच्या परिचयाची आहे. ती ७६० मीटर उंचीवरील बेसीसहर येथें सुरू होते, मर्स्यांग्दी नदीच्या कांठानें सुमारें ३,५०० मीटरवरील मनांग गांवीं पोंचते, ५,४१६ मीटर उंचीची थोरोंग खिंड ओलांडते आणि पलीकडे सुमारें ३,७०० मीटरवर मुक्तिनाथास उतरते.

अशा प्रवासाची तयारी बहुधा दुकानांत सुरू होते. बूट कोणते, पिशवी केवढी, गरम कपडे किती, यांचाच खल घरांत आठ-आठ दिवस चालतो. हे प्रश्न गैर नाहींत. परंतु त्यांचा क्रम दुसरा आहे. पहिला प्रश्न दिवसांचा. किती दिवसांची रजा मिळणार, आणि त्यांपैकीं किती दिवस रिकामे ठेवण्याची मनाची तयारी आहे, याच्या उत्तरावर यात्रेचें यश, आणि प्रसंगीं जीवितहि, अवलंबून असतें.

याचें कारण शरीराच्या व्यापारांत आहे. थोरोंग खिंडींत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या मानानें सुमारें निम्मा असतो. हवेंतील प्राणवायूचें प्रमाण तेंच राहतें. पण हवाच विरळ झाल्यामुळें प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायु निम्म्यावर येतो. शरीर ही तूट जलद श्वसनानें भरून काढूं पाहतें. त्यामुळें रक्तांतील कर्बवायु कमी होऊन रक्ताची अल्कता वाढते, आणि श्वसनाला पुन्हां आळा बसतो. हा तोल मूत्रपिंडें हळूहळू सांवरतात. त्या कामास कित्येक दिवस लागतात. उंचीची संवय होणें म्हणतात तें मुख्यतः हेंच. पैसा, उत्साह वा तारुण्य यांनीं ही क्रिया लवकर उरकत नाहीं.

म्हणून अनुभवी वैद्यांनीं नियम घालून दिला आहे: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर आजच्या मुक्कामाहून उद्यांचा मुक्काम ५०० मीटरपेक्षां अधिक उंच नसावा, आणि दर तीन-चार दिवसांनीं एक दिवस त्याच उंचीवर विश्रांति घ्यावी. या वाटेवर तो नियम सहज पाळतां येतो. पिसांग, मग मनांग येथें दोन रात्री, मग सुमारें ४,००० मीटरवरील याक खर्क, मग खिंडीच्या पायथ्याशीं सुमारें ४,५०० मीटरवर मुक्काम, आणि पहांटे खिंड. मोह आडवा येतो तो मोटाररस्त्याचा. आतां जीपगाड्या थेट मनांगपर्यंत जातात, आणि बेसीसहरहून एक-दोन दिवसांतच प्रवासी तेथें पोंचूं शकतो. पाय वांचतात, पण मूत्रपिंडांस मिळावयाचे दिवस बुडतात.

सिंहगड वा कळसूबाई नित्य चढणाऱ्या माणसाची येथें एक गैरसमजूत होते. सह्याद्रीच्या सरावानें पाय व दम तयार होतात, आणि तो सराव दोन-तीन महिने अवश्य करावा, तोहि पाठीवर ओझें घेऊन. परंतु कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटरचें. तेथें विरळ हवेचा अनुभव मिळत नाहीं. उलट, धट्टाकट्टा गडी वेगानें चढतो आणि त्यामुळेंच आधीं आजारी पडतो. डोकें दुखणें, मळमळणें, अन्नावरची वासना जाणें, झोंप न येणें हीं पहिलीं चिन्हें होत. तीं दिसतांच वर चढणें थांबवावें. स्वस्थ बसूनहि धांप लागूं लागली, किंवा सरळ रेषेवर पावलापुढें पाऊल टाकतांना तोल जाऊं लागला, तर क्षणाचाहि विलंब न करतां, रात्र असली तरी, खालीं उतरावें. अ‍ॅसिटाझोलामाइड नांवाचें औषध संवय होण्यास साह्य करतें. पण तें निघण्यापूर्वीं डॉक्टरांस विचारूनच घ्यावें. १९७३ सालीं स्थापन झालेल्या हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचें मदतकेंद्र मनांग येथें मोसमांत चालतें, आणि तेथें या आजाराविषयीं प्रवाशांस माहिती दिली जाते. विश्रांतीचा दिवस तेथें सार्थकीं लागतो.

रिकाम्या दिवसांचें दुसरें कारण आकाशांत आहे. पावसाळा संपल्यावरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर व पुढें मार्च-एप्रिल हे या वाटेचे चांगले महिने. तरी १२ ऑक्टोबर २०१४ रोजीं विशाखापट्टणच्या किनाऱ्यावर आदळलेलें हुदहुद चक्रीवादळ उत्तरेकडे सरकलें आणि १४ तारखेस थोरोंगच्या परिसरांत अकस्मात् प्रचंड हिमवर्षाव झाला. त्या आपत्तींत चाळीसांहून अधिक माणसें दगावलीं. त्यांत परदेशी पदयात्रिक होते, तसेच नेपाळी वाटाडे व भारवाहकहि होते. बंगालच्या उपसागरांतील वादळ दोन दिवसांत हिमालयाच्या खिंडींत पोंचूं शकतें, हें ज्यानें ध्यानांत घेतलें, तो वर्तमानपत्रांतील वादळाची बातमी परकी मानणार नाहीं. अशा वेळीं पायथ्याशीं दोन दिवस बसून राहण्याची मोकळीक ज्याच्याजवळ आहे, तोच खरा तयारीचा प्रवासी. परतीचें तिकीट ज्याला मागून ओढीत असतें, त्याला आभाळ भरलेलें दिसत असूनहि दिसत नाहीं.

हें एकदां ठरलें म्हणजे बाकीची तयारी सोपी आहे. वाटेवर ठिकठिकाणीं निवारा व डाळभात मिळतो. तंबू वा शिधा नेण्याचें कारण नाहीं. पाठीवरचें ओझें आठ-दहा किलोंत बसावें. बूट नवे असल्यास घरींच महिनाभर वापरावे, कारण टांचेवरचा फोड हा पर्वताइतकाच मोठा शत्रु होय. अंगावर एक जाड कपडा घालण्यापेक्षां पातळ कपड्यांचे थर चांगले. घामानें सुती कपडा ओला राहतो व थंडींत बाधतो, म्हणून आंतून लोंकर वापरावी.

भारतीय नागरिकास नेपाळांत प्रवेशासाठीं व्हिसा लागत नाहीं. विमानानें जाणाऱ्या प्रौढ माणसास पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचें ओळखपत्र चालतें. अन्नपूर्णा संरक्षित प्रदेशाचा परवाना मात्र घ्यावा लागतो; सार्क देशांच्या नागरिकांस त्याचें शुल्क कमी आहे. नेपाळ पर्यटन मंडळानें १ एप्रिल २०२३ पासून परदेशी पदयात्रिकांस परवानाधारक वाटाड्या सक्तीचा केला. त्याचा आपल्याशीं कितपत संबंध येतो, याची चौकशी प्रवाशानें आधींच करावी. भारतीय १०० रुपयांस नेपाळी १६० रुपये हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. पुरेशी नेपाळी रोकड खालूनच न्यावी. विमा उतरतांना त्यांतील उंचीची मर्यादा व हेलिकॉप्टरचा खर्च हीं दोन कलमें वाचल्यावांचून सही करूं नये.

निघण्यापूर्वीं एक गोष्ट घरांतच, सर्व सोबत्यांच्या समक्ष, ठरवावी: कोणा एकास बरें वाटेनासें झालें तर सगळ्यांनीं थांबावयाचें, आणि त्याला खालीं नेण्याची वेळ आली तर एकट्याला पाठवावयाचें नाहीं. हा करार पायथ्याशीं, थंडींत व उत्साहाच्या भरांत, होत नाहीं. तो दिवाणखान्यांत, चहाच्या पेल्याबरोबर, व्हावा लागतो. आणि घरीं मागें राहणाऱ्या आईवडिलांनींहि तो ऐकलेला असावा. तीन मोकळे दिवस पदरीं असलेला मुलगा खिंडीच्या अलीकडून परत आला, तर त्याची यात्रा फसली असें त्यांनीं समजूं नये. खिंड पुढल्या वर्षींहि तेथेंच असते.