गोदेच्या खोऱ्यांतील हरवलेला पक्षी

जालना जिल्ह्यांतील तीर्थपुरीच्या परिसरांत पाणपक्ष्यांचा विषय निघाला कीं पैठणच्या नाथसागराची आठवण होते. हिवाळ्यांत पाणी ओसरून चिखल उघडा पडला म्हणजे तुतवार, टिलवे असे चिखलांत चोंच खुपसून चरणारे पक्षी उत्तरेकडून तेथें उतरतात, आणि पक्षिनिरीक्षक त्यांच्या थव्यांत एखादा दुर्मिळ पाहुणा शोधीत बसतात. परंतु ह्याच गोदावरीच्या खोऱ्यांत ह्यांचा एक आप्त असा होऊन गेला कीं, पाण्याकांठीं बसून त्याचा पत्ता कधींच लागला नसता.

तो म्हणजे टिटवीच्याच गणांतील जर्डनचा धाविक. लांबी सुमारें २७ सेंटिमीटर, छातीवर दोन तपकिरी पट्टे आणि डोळे मोठे. १८४८ सालीं शास्त्रास त्याची ओळख झाली. पुढें सिरोंचा व भद्राचलम येथेंहि तो आढळला. १९०० सालीं अनंतपूरकडे दिसल्यावर मात्र ८६ वर्षें त्याचें दर्शन कोणासहि घडलें नाहीं. तो नामशेष झाला, असेंच बहुतेकांनीं धरलें.

न दिसण्याचें कारण त्याच्या डोळ्यांतच होतें. मोठे डोळे ही रात्रींच्या संचाराची खूण. माणसें मात्र त्याला दिवसां शोधीत होतीं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भरत भूषण ह्यांनीं गांवकऱ्यांकडेच चौकशी आरंभिली. जानेवारी १९८६ मध्यें कडप्पा जिल्ह्यांतील रेड्डीपल्लीजवळ एका पक्षी धरणाऱ्यानें रात्रीं दिव्याच्या उजेडांत तो पकडला. तिकडील तेलुगू लोक त्यास 'कलिवि कोडि', म्हणजे करवंदीच्या झुडपांतील कोंबडी, असें म्हणतात.

त्यानंतरच्या अभ्यासकांनीं शोधाची रीतच पालटली. झुडपांमधील मोकळ्या जागीं बारीक मातीचे पट्टे पसरून सकाळीं पावलांचे ठसे तपासावयाचे, आणि तिन्हीसांजेस त्याचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून उत्तराची वाट पाहावयाची.

तलावाचें मोल सर्वांस कळतें. कांटेरी माळास मात्र पडीक म्हणण्याची चाल आहे. २००५ सालीं तेलुगू-गंगा कालव्याचें खोदकाम ह्या पक्ष्याच्या रानांत शिरलें, आणि मागाहून कालव्याचा मार्ग बदलावा लागला. कालव्याचें महत्त्व मराठवाड्यास सांगावयास नको. तथापि एखाद्या माळावर कुदळ पडण्यापूर्वीं तेथें रात्रीं कोण वावरतें, हें तेथील माणसांस विचारणें अगत्याचें आहे. ८६ वर्षांच्या शोधाचा बोध एवढाच.