परीक्षेपूर्वी घरचा सराव : वाचन आणि गणित

हरभऱ्याची काढणी उरकते, होळी जवळ येते आणि घराघरांतून परीक्षेची भाषा ऐकू येऊ लागते. एरवी मुलाच्या दप्तराकडे न पाहणारे वडीलही संध्याकाळी "अभ्यासाला बस" अशी आज्ञा करतात. मूल पुस्तक उघडून बसते. परंतु बसून नेमके काय करावयाचे, हे त्या मुलाला ठाऊक नसते आणि पुष्कळदा आज्ञा करणाऱ्यालाही नसते. तासभर पुस्तक उघडे राहते, डोळे पेंगू लागतात आणि अभ्यास झाला असे सर्वजण समजतात.

प्राथमिक शाळेतील मुलांच्या बाबतीत या तासापेक्षा वीस मिनिटांचा नीट केलेला सराव अधिक उपयोगी पडतो. त्यासाठी पालक सुशिक्षित असलाच पाहिजे असे नाही. हा मुद्दा मुद्दाम प्रारंभी मांडावयाचा, कारण "आम्ही अडाणी माणसं, आम्ही काय शिकवणार?" हे उद्गार शिक्षकांना पालकसभेत वारंवार ऐकावयास मिळतात. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील साक्षरतेचे प्रमाण ८२.३४ टक्के होते आणि स्त्रियांचे ७५.८७ टक्के. म्हणजे त्या वेळी दर चार स्त्रियांपैकी सुमारे एकीला लिहिता-वाचता येत नव्हते. घरी मुलाजवळ बसणारी व्यक्ती बहुधा आई किंवा आजी असते. शिकविणे हे शिक्षकाचे काम आहे. घराने करावयाचे काम निराळे आहे. मुलाचे ऐकावयाचे, त्याला विचारावयाचे आणि रोज थोडा वेळ त्याच्याजवळ बसावयाचे. हे निरक्षर आईलाही साधण्यासारखे आहे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला, तेव्हा आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला मागे ठेवता येणार नाही अशी त्यात तरतूद होती. २०१९ च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा घेण्याची मुभा मिळाली आणि महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपल्या नियमांत त्यानुसार बदल केला. परीक्षेत मागे पडलेल्या मुलाला जादा मार्गदर्शन द्यावयाचे आणि निकालानंतर दोन महिन्यांच्या आत त्याची पुन्हा परीक्षा घ्यावयाची असते. तीतही ते उत्तीर्ण झाले नाही तर त्याला त्याच वर्गात ठेवता येते. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, हे संरक्षण कायम आहे. तरीही पाचवीत थांबलेले मूल, विशेषतः मुलगी, घरकामात किंवा शेतात गुंतून पडण्याचा धोका गावपातळीवर काम करणाऱ्या कोणालाही नव्याने सांगावयास नको.

हा धोका पाचवीत दिसतो, पण त्याचे मूळ दुसरी-तिसरीत असते. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ग्रामीण भागात 'असर' हे सर्वेक्षण होत आले आहे. त्यात घरी जाऊन मुलाला एक कागद वाचावयास देतात. त्यावर अक्षरे, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा व दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. २०२४ च्या सर्वेक्षणात देशातील तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्के मुलांना दुसरीची गोष्ट वाचता आली. २०२२ मध्ये, करोनाकाळातील शाळाबंदीनंतर, हे प्रमाण २०.५ टक्के होते. हातच्याची वजाबाकी २०२४ मध्ये तिसरीच्या ३३.७ टक्के मुलांना जमली. सुधारणा झाली आहे हे खरे, पण तिसरीतील बहुसंख्य मुले दुसरीचे पान वाचू शकत नाहीत, हेही तेवढेच खरे आहे. जे मूल वाचूच शकत नाही, त्याच्यापुढे प्रश्नपत्रिका ठेवली म्हणजे परिसर अभ्यास असो वा गणित, त्याची परीक्षा वाचनाचीच होते.

मुलाची पायरी ओळखणे

घरच्या सरावात सर्वांत मोठी चूक होते ती येथे. मूल चौथीत आहे म्हणून त्याला चौथीचेच पुस्तक वाचावयास लावतात. ते प्रत्येक ओळीत चार वेळा अडखळते, ऐकणारा चिडतो आणि दोन दिवसांत हा कार्यक्रम बंद पडतो. त्याऐवजी मूल सहज वाचू शकेल त्या पायरीपासून प्रारंभ करावा. चौथीच्या मुलाला दुसरीचे 'बालभारती' दिले तर त्यात कमीपणा नाही. धाकट्या भावंडाला गोष्ट वाचून दाखव, असे सांगितले म्हणजे मोठ्याला खालच्या वर्गाचे पुस्तक हाती घेण्याची लाजही वाटत नाही. दहा-पंधरा ओळींत दोन-तीन शब्दच अडत असतील तर ते पुस्तक सरावाला योग्य समजावे.

वाचन मोठ्याने व्हावे. मुलाने ओळीखाली बोट ठेवावे. ऐकणाऱ्याला अक्षरे येत नसली तरी बोट पुढे सरकते आहे की एकाच जागी थांबले आहे, हे दिसते. मूल पाठ केलेला धडा म्हणत असेल तर बोट आणि तोंड यांचा मेळ बसत नाही, हेही कळते. पान संपल्यावर पुस्तक मिटवून एकच विचारावे, "मग काय झालं?" मुलाने आपल्या शब्दांत सांगितले तर त्याला अर्थ कळला. सांगता आले नाही तर तेच पान दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावे.

अडणारे शब्द बहुधा जोडाक्षरांचे असतात. 'सूर्य' मधील रफार, 'चंद्र' मधील खाली जोडलेला र, 'विद्यार्थी' सारखे शब्द यांपाशी मूल पहिल्या अक्षरावरून अंदाज बांधते आणि ठोकून देते. असा शब्द लगेच सांगून टाकू नये व त्यावरून रागावूही नये. मुलाने तो कोळशाने किंवा खडूने फरशीवर लिहावा आणि दुसऱ्या दिवशी शिक्षकांना विचारावा. रोज तीन-चार शब्द साठले तरी महिन्याभरात चांगली भर पडते.

उच्चाराच्या बाबतीत थोडे तारतम्य हवे. अहिराणी, वऱ्हाडी वा अन्य बोली बोलणाऱ्या घरातील मूल 'होते' ऐवजी 'व्हतं' असे वाचत असेल, तर ते चुकीचे वाचत नाही. छापील शब्द ओळखून त्याचा अर्थ त्याने आपल्या बोलीत सांगितला आहे. लेखनात प्रमाण रूप यावयास हवे, ते शाळेत हळूहळू येईल. पण घरी प्रत्येक शब्दाला टोकले तर मूल मोठ्याने वाचणेच सोडून देते. कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या घरांतील मुलांना तर मराठी ही दुसरी भाषाच असते. त्यांच्याकडून गोष्ट आधी स्वतःच्या भाषेत सांगून घ्यावी.

वाचावयाचे साहित्य पाठ्यपुस्तकापुरते असण्याचेही कारण नाही. दिनदर्शिकेच्या पानामागील मजकूर, बियाण्याच्या पिशवीवरील सूचना, विजेचे बिल, एस. टी. च्या पाट्या, लग्नपत्रिका हे सारे वाचनच आहे.

सत्तावीस आणि बहात्तर

गणितात मराठी मुलाची एक खास अडचण आहे. 'सत्तावीस' म्हणताना सात आधी उच्चारले जातात आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दोन आधी व सात नंतर. म्हणून ऐकून लिहिताना लहान मूल ७२ लिहिते. 'एकोणतीस' ऐकल्यावर त्याच्या कानात 'तीस' राहतात आणि ते ३९ लिहून मोकळे होते. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हाच प्रकार आहे, आणि नव्याण्णवला ही रीतही मोडते. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या नव्या पाठ्यपुस्तकात 'वीस सात' अशा पद्धतीने संख्या वाचण्याचा पर्याय देण्यात आला, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागील कारण हेच सांगितले होते. कन्नड, तेलुगू, तमीळ या शेजारच्या भाषांत दशक आधीच उच्चारले जातात. वादात कोणी कोणतीही बाजू घेतली असो, मुलाची अडचण खरी आहे. ती आळसामुळे किंवा बुद्धी कमी असल्यामुळे नाही, एवढे तरी पालकांनी ध्यानी घ्यावे.

तिच्यावरचा उपाय घरातच आहे. तुरीच्या किंवा झाडूच्या काड्या दहा-दहाच्या जुड्या करून बांधाव्यात. 'सत्तावीस दे' म्हटले की मुलाने दोन जुड्या व सात सुट्या काड्या द्याव्यात आणि मग संख्या लिहावी. हाताने जुड्या उचलल्या म्हणजे दोन कोठे लिहावयाचे, हे आपोआप उमगते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी डहाणू परिसरात कोसबाडला बालशिक्षणाचे कार्य केले, तेव्हा पाने, बिया, खडे, शिंपले हीच त्यांच्या मुलांची शैक्षणिक साधने होती. चिंचोके आणि काड्या यांना पैसे पडत नाहीत.

हातच्याच्या वजाबाकीत मूल कोठे चुकते, हेही पाहण्यासारखे आहे. ५२ मधून २७ वजा करताना दोनातून सात जात नाहीत, म्हणून ते सातातून दोन वजा करते आणि उत्तर ३५ लिहिते. 'मोठ्यातून लहान काढावयाचे' एवढाच नियम त्याने धरलेला असतो. येथे दहाच्या पाच नोटा आणि दोन रुपयांची सुटी नाणी द्यावीत आणि सत्तावीस रुपये मागावेत. दोन नोटा दिल्यावर सात रुपये देण्यास सुटे पुरत नाहीत, तेव्हा मूल स्वतःच म्हणते की एक नोट मोडावी लागेल. हातचा म्हणजे मोडलेली नोट. आठवडी बाजारात रोज हा व्यवहार करणाऱ्या आईला वहीतील ती रीत ठाऊक नसेल, पण तिचा अर्थ शिक्षकाइतकाच ठाऊक असतो.

पाढ्यांविषयी दोन शब्द. सुरात म्हटलेले पाढे लक्षात राहतात, पण पुष्कळ मुलांना 'सात आठे किती?' असे मध्येच विचारले तर ती 'सात एके सात' पासून पायऱ्या चढत येतात. म्हणून क्रम मोडून विचारावे. भाकरी थापताना, गोठ्यात दूध काढताना, रस्त्याने चालताना हे करता येते. आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ असत. ती घोकंपट्टी शाळेत परत आणावी असे कोणी म्हणणार नाही. तरी पाव किलोच्या दरावरून दीड किलोचा दर काढून दाखविणारा आजोबा नातवाला अपूर्णांकांची चांगली ओळख करून देऊ शकतो.

वाचणे आणि आठवणे

परीक्षा आठ दिवसांवर आली की तोच धडा पाच वेळा वाचण्याची प्रथा आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो एकदा वाचून नंतर न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले. ते महाविद्यालयीन विद्यार्थी होते, परंतु पुस्तक मिटवून सांगावयास लावण्याची जुनी रीत लहान मुलांसही लागू पडते, असा शिक्षकांचा अनुभव आहे. तसेच एका रात्री दोन तास बसण्यापेक्षा सहा दिवस वीस-वीस मिनिटे बसणे श्रेयस्कर. आठव्या दिवशी पहिल्या दिवसाचे पुन्हा विचारावे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करवू नये.

शाळा आणि पंचायत

पालकांनी काय करावे हे त्यांना सांगितलेच नाही, तर ते करणार कसे? शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या जागी स्त्रिया असाव्यात, अशी कायद्यातच तरतूद आहे. फेब्रुवारीतील सभेत इमारत व पोषण आहाराबरोबर अर्धा तास या विषयाला दिला आणि शिक्षकांनी एका मुलाला समोर बसवून वाचन कसे ऐकावयाचे ते करून दाखविले, तर लांबलचक भाषणापेक्षा त्याचा परिणाम होईल. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान राज्यात २०२२ मध्ये राबविले गेले, तेव्हा गावोगावी मातांचे गट तयार झाले. जेथे ते गट टिकून आहेत तेथे मोठ्या मुलांच्या वाचनासाठीही त्यांचा उपयोग व्हावा. अनेक शिक्षक व्हॉट्सअ‍ॅपवर गृहपाठ पाठवितात. घरातील एकमेव फोन दिवसभर वडिलांबरोबर शेतात किंवा कामावर असतो, याचा विसर पडू नये. फळ्यावरून वहीत उतरवून दिलेल्या चार ओळी अधिक खात्रीने घरी पोहोचतात.

एका खोलीच्या घरात दूरदर्शन संच सुरू असताना मुलाने वाचावयाचे कोठे, हा प्रश्न पंचायतीच्या हातचा आहे. समाजमंदिर किंवा शाळेची एक खोली संध्याकाळी सात ते आठ उघडी ठेवावी, दिवा असावा आणि गावातील दहावी-बारावीची दोन मुले तेथे बसावीत. यास खर्च फारसा येत नाही. किल्ली कोणाकडे राहील, एवढे मात्र आधी ठरवावे लागते. पुष्कळ चांगल्या योजना किल्लीपाशीच अडतात.

ऊसतोड मजुरांच्या मुलांचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आईबापांबरोबर गेलेली मुले गाळप हंगाम संपल्यावर मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे ऐन परीक्षेच्या तोंडावर गावी परततात. गावातच राहू इच्छिणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय करण्यात येते. आजी-आजोबांकडे राहिलेल्या मुलांजवळ कोण बसते, याची नोंद समितीने दिवाळीपूर्वीच करून ठेवावी. परतलेल्या मुलाला पहिल्या दिवशी प्रश्नपत्रिकांचा संच न देता त्याच्याकडून एक पान वाचून घ्यावे, दहा संख्या लिहून घ्याव्यात आणि त्याची पायरी पाहावी. कारखान्याच्या तळावर वजनाच्या पावत्या वाचून आणि टनांचा हिशेब ऐकून आलेले मूल गणितात कधी कधी वर्गाच्या पुढे निघते.