स्वादुपिंडाच्या गाठीसाठी सुई कोणती?

स्वादुपिंड पोटात खोल, जठराच्या मागे असतं. तिथल्या गाठीचा नमुना घ्यायला तोंडावाटे दुर्बीण घालतात. तिच्या टोकाला सोनोग्राफीचा प्रोब असतो. पडद्यावर बघत जठराच्या किंवा लहान आतड्याच्या भिंतीतून सुई गाठीत नेतात. गेजचा आकडा मोठा तितकी सुई बारीक: २२ गेजची साधारण ०.७ मिलिमीटर, २५ची ०.५.

जुन्या पद्धतीची सुई सुट्या पेशी शोषून घेते. पण स्वादुपिंडाचा कॅन्सर बहुधा घट्ट, तंतुमय असतो. पेशी थोड्याच सुटतात. नव्या बायोप्सी सुयांचं टोक मुकुटासारखं तीन दातांचं किंवा दुभंगलेलं असतं. त्या सलग तुकडा कापून आणतात, म्हणून कमी वेळा टोचावं लागतं आणि जनुकीय चाचण्यांनाही नमुना पुरण्याची शक्यता वाढते. घट्ट गाठीसाठी माझा कौल यांनाच. मात्र गाठ स्वादुपिंडाच्या डोक्यात असली की दुर्बीण वाकवावी लागते. तिथे लवचीक २५ गेज सोपी जाते.

पित्तनलिकेचं वेगळं. तिथे बहुधा आधी नलिकेत ब्रश फिरवून पेशी घेतात, पण त्यात बरेच कॅन्सर निसटतात. यकृताच्या मुखाशी गाठ असेल आणि प्रत्यारोपणाचा विचार असेल, तर सुई टोचण्याआधीच प्रत्यारोपणतज्ज्ञांना विचारा. सुईच्या वाटेने पेशी पसरतील या भीतीने काही केंद्रं अशा रुग्णाला प्रत्यारोपण नाकारतात.