कासवांची तोंडओळख

यंदा व्याख्यानमालेच्या चालकांनी विषयाची निवड आमच्यावर सोपवली. आम्ही ‘समुद्रातील कासवे’ असे कळवले, तेव्हा त्यांच्यापैकी एका स्नेह्यांनी विचारले, “आता कासवांची युनियन काढता की काय?” प्रश्न रास्तच होता. गेली तीस वर्षे आमचा मुक्काम सूतगिरण्यांच्या फाटकाशी. बोलणे काय ते पगारवाढ, बोनस आणि बडतर्फी यांविषयी. शाळेतले शिक्षण नववीला थांबले. पुढचे जे काही झाले ते नगर वाचनालयाच्या बाकावर. समुद्रात तर आम्ही गुडघ्याच्या वर कधी उतरलेलो नाही. तेव्हा पाण्याखालच्या ज्या गोष्टी येथे सांगणार आहोत त्या दुसऱ्यांनी पाहिलेल्या आणि आम्ही वाचलेल्या, एवढे प्रथमच कबूल करून टाकतो. मग हा विषय घेतलाच का? त्याचे उत्तर थोडे पुढे येईल. आधी कासवाचे तोंड पाहणे अवश्य आहे.

होय, तोंडच. कासव म्हटले की आपल्याला पाठ आठवते. देवळाच्या सभामंडपात जमिनीत बसवलेले दगडी कासव आपण लहानपणापासून पाहत आलो. पण त्याचा चेहरा कसा आहे असे कोणी विचारले तर सांगता येणार नाही. हिरव्या समुद्री कासवाच्या गालावर, डोळ्याच्या मागे, खवल्यांची एक फरसबंदी असते. गवंड्याने हाताला येतील तसे लहानमोठे दगड बसवावेत आणि त्यांचे सांधे पांढरट दिसावेत, तशी ती दिसते. कोणाला डोळ्यामागे चार मोठे खवले, कोणाला पाच. कोणाचा एक खवला दुभंगलेला, तर कोणाच्या दोन खवल्यांमध्ये तिसराच एक बारका तुकडा घुसलेला. दोन कासवांची ही ठेवण सारखी नसते. इतकेच नव्हे, एकाच कासवाचा डावा गाल उजव्यासारखा नसतो. एकाच कासवाची वर्षानुवर्षांच्या अंतराने घेतलेली छायाचित्रे शास्त्रज्ञांनी ताडून पाहिली. अकरा-अकरा वर्षांनंतरही ठेवण तीच होती. कासव वाढते, रंग थोडा बदलतो, पण सांधे जिथल्या तिथे राहतात.

पाठीचा असा भरवसा नाही. पाठीवर शेवाळ चढते, खडकाला घासून ओरखडे पडतात. जे मासे येऊन ते शेवाळ चरतात ते एका दिवसात पाठीचा रंगच बदलून टाकतात. हवाईच्या समुद्रात असे ठराविक खडक आहेत की जेथे कासव येऊन पंख पसरून थांबते आणि पिवळे व तपकिरी मासे त्याची पाठ स्वच्छ करतात. एखाद्या गिऱ्हाइकाने न्हाव्याच्या खुर्चीत मान सैल सोडून बसावे, तसा त्या कासवाचा थाट असतो म्हणे.

आता हवाई बेटांचेच सांगतो. प्रशांत महासागराच्या मध्यावर ही बेटांची माळ आहे. तेथील लोक कासवाला होनू म्हणतात. विसाव्या शतकात, विशेषतः प्रवाशांच्या उपाहारगृहांना मांस पुरवण्यासाठी, ही कासवे इतकी मारली गेली की १९७३ मध्ये जॉर्ज बालाझ नावाच्या तरुण संशोधकाने अंडी घालण्याच्या मुख्य जागी, म्हणजे ईस्ट आयलंड या वाळूच्या बेटावर, मोजणी सुरू केली तेव्हा त्या हंगामात माद्या निघाल्या अवघ्या ६७. हे बेट फ्रेंच फ्रिगेट शोल्स या प्रवाळबेटांच्या कड्यात आहे, मोठ्या बेटांपासून सुमारे आठशे किलोमीटर दूर. १९७४ मध्ये हवाई राज्याने कासवांना संरक्षण दिले, १९७८ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती कायद्याने दिले, आणि पुढच्या तीस वर्षांत तोच आकडा कित्येक पटींनी वाढला. बालाझ यांनी माद्यांच्या पंखांना धातूचे क्रमांकित बिल्ले लावले. पाठीवर आकडा कोरून तो पांढऱ्या रंगाने भरण्याचीही पद्धत होती, म्हणजे जनावराला न अडवता लांबून वाचता येई.

ही मोजणी नसती तर पुढचे काहीच झाले नसते. तथापि तिच्यात एक उणेपणा होता. अंडी घालायला येते ती मादी, आणि तीही दरवर्षी येत नाही. दोन, तीन, चार वर्षांनी एकदा येते. हवाईच्या कासवाला वयात यायला पंचवीस-तीस वर्षे लागतात. म्हणजे आज वाळूवर मोजलेली मादी ही एक पिढी मागची बातमी. मधली सगळी वर्षे, सगळे नर आणि सगळी पोरेटोरे पाण्याखाली असतात. त्यांचे काय चालले आहे हे पाहायचे तर पाण्याखालीच गेले पाहिजे, आणि तेही पुन:पुन्हा, त्याच जागी.

असे जाणारे लोक निघाले. त्यांत शास्त्रज्ञ होते, तसे हौशी पाणबुडेही होते. माउई बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर होनोकोवाई नावाची जागा आहे. तेथे एक परदेशी दांपत्य १९८८ पासून दर उन्हाळ्यात त्याच प्रवाळांवर बुडी मारीत आले. काम ऐकायला सोपे आहे. हवेची टाकी पाठीवर घेऊन खाली जायचे, कासवाच्या मागे लागायचे नाही, हात लावायचा नाही, दहा फुटांचे अंतर ठेवायचे, स्वस्थ राहायचे. ते आपणहून मान वळवील तेव्हा डाव्या गालाचे एक आणि जमल्यास उजव्या गालाचे एक छायाचित्र घ्यायचे. घरी येऊन ते मागच्या सर्व वर्षांच्या गालांशी ताडून पाहायचे. आता हे ताडण्याचे काम संगणकही करतो. त्या काळी डोळ्यांनीच करावे लागे, आणि शेवटचा निवाडा आजही पुष्कळदा डोळाच करतो.

वर्षे जमत गेली तसे कळत गेले की कासव हे वाटेल तिथे भटकणारे जनावर नाही. कोवळ्या वयात एका प्रवाळावर वस्तीला आले की ते वर्षानुवर्षे तेथेच राहते. त्याची चरण्याची जागा ठरलेली, झोपण्याची कपार ठरलेली. अंडी घालायला मादी आठशे किलोमीटर जाते आणि परत येते ती आपल्याच वस्तीत. आमच्या गिरणीतला कोकणी गडी शिमग्याला गावी जाऊन पुन्हा त्याच चाळीत येतो, तसे.

यापुढची हकीकत रोगाची आहे, आणि तिच्यासाठीच आम्ही हा विषय घेतला.

हिरव्या कासवांना गाठींचा एक रोग होतो. फायब्रोपॅपिलोमॅटोसिस असे त्याचे लांबलचक नाव आहे. डोळ्यांच्या कडा, मान, पंखांच्या मुळाशी असलेली मऊ कातडी, अशा ठिकाणी फुलकोबीच्या गड्ड्यासारख्या गाठी येतात. डोळ्यावर वाढल्या की जनावर आंधळे होते; हवाईत तर त्या तोंडात आणि घशाशीही येतात, मग खाणे व श्वास घेणे अवघड होते. न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातील कासवांवरून १९३८ मध्ये या रोगाचे पहिले शास्त्रीय वर्णन झाले. हवाईत तो १९५८ मध्ये आढळला आणि १९८० नंतर झपाट्याने वाढला. एका विषाणूशी त्याचा संबंध जोडला गेला आहे. पण विषाणू पुष्कळांच्या अंगात असतो आणि गाठी सर्वांना येत नाहीत, यास्तव पाण्यातील इतर कारणांचाही शोध चालू राहिला.

किनाऱ्याला मरून लागलेली कासवे गाठींनी भरलेली असत. त्यावरून पाहणाऱ्याचा समज होई की गाठ आली म्हणजे संपले. हा समज खरा की खोटा हे मेलेल्या कासवावरून ठरवता येत नाही, कारण जे बरे झाले ते वाळूवर येऊन पडत नाही. एका दिवसाच्या मोजणीवरूनही ठरवता येत नाही. समजा, आज दहांपैकी पाचांना गाठी दिसल्या आणि पाच वर्षांनी पुन्हा दहांपैकी पाचांना. हे तेच पाच काय? की पहिले पाच मेले आणि नवे पाच लागले? की पहिल्यांतले तिघे बरे झाले? आकडा तिन्ही वेळा तोच येईल. होनोकोवाईच्या छायाचित्रांनी येथे काम केले. चेहरे ओळखीचे होते, म्हणून याच कासवाच्या या डोळ्यावरची ही गाठ, गेल्या वर्षी केवढी आणि या वर्षी केवढी, असे लावून पाहता आले. काहींच्या गाठी वाढत गेल्या आणि ती दिसेनाशी झाली. पण काहींच्या गाठी सुरकुतल्या, लहान झाल्या, आणि पुढे त्या जागी डाग तेवढा उरला. रोग मागे हटू शकतो याचा तो पुरावा होता, आणि छायाचित्रांसह तो शास्त्रज्ञांच्या परिषदेत मांडला गेला. मोलोकाई बेटाच्या पालाऊ किनाऱ्यावरही कासवे धरून, मोजून, बिल्ला लावून सोडण्याचे आणि पुन्हा धरून पाहण्याचे काम वर्षानुवर्षे चालले होते. सव्वीस वर्षांच्या त्या नोंदींतून दिसले की रोग चढला, १९९५ च्या सुमारास कळसाला पोहोचला आणि मग उतरत गेला.

आता आमची चूक. सुमारे अठरा वर्षांपूर्वी एका सूतगिरणीत कामगारांच्या छातीची तपासणी झाली. कापसाच्या धुळीने छाती धरते; सुट्टीनंतर सोमवारी कामावर आले की जास्त आवळते, हे कार्डिंग खात्यातला कोणीही सांगेल. तपासणी दोन दिवसांत उरकली. अहवाल आला की बहुसंख्य कामगार निरोगी. युनियनच्या वतीने त्यावर आम्हीच सही केली, आणि डॉक्टरांचे आभारही मानले! पुढे काही महिन्यांनी वर्गणीच्या जुन्या पावत्या चाळताना नावे दिसू लागली. अमका कुठे गेला? गावी. तमका? दम लागतो म्हणून सोडून गेला. आणखी एक? वारला. तपासले गेले ते काम करू शकणारे. ज्यांची छाती गेली होती ते फाटकाच्या आत नव्हतेच. हजेरीपटावर नाव नाही, म्हणून रोगही नाही. ती पावतीपुस्तके घेऊन आम्ही पुन्हा दाद मागितली. पण सही होऊन चुकली होती, आणि तीच आमच्या तोंडावर दाखवली गेली. पुष्कळ वर्षांनी वाचनालयात कासवांचा हा वृत्तांत वाचताना आम्ही पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसलो.

दिसेनासे होणे ही गोष्ट मोठी फसवी आहे. पाण्याखाली ओळखीचा चेहरा एका उन्हाळ्यात दिसला नाही, तर तो मेला असेल, अंडी घालायला गेलेली मादी असेल, वस्ती बदलली असेल, किंवा ती तेथेच पलीकडच्या कपारीत झोपली असेल आणि आपली नजर पडली नसेल. यावर उपाय एकच, वाट पाहणे. तिसऱ्या वर्षी ती दिसली तर मधल्या दोन्ही वर्षी ती जिवंत होती हे मागाहून सिद्ध होते, आणि आपली नजर किती चुकते याचाही हिशेब मिळतो. असे हिशेब पुष्कळ चेहऱ्यांचे जमले म्हणजे गणिती लोक त्यांतून दरवर्षी किती मरत असतील याचा अंदाज बांधतात. म्हणूनच नोंदवहीतून नाव खोडायची घाई हे लोक करीत नाहीत.

आपल्या कोकणात या रीतीने पाहणे कठीण. किनाऱ्याचे पाणी गढूळ, आणि येथे अंडी घालायला येणारी ऑलिव्ह रिडले जातीची कासवे एरव्ही दूर खोल समुद्रात असतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी २००२ पासून त्यांची घरटी राखली जातात. २०२२ च्या जानेवारीत तेथेच एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश देणारे यंत्र बसवले गेले, आणि तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले. पण आम्हांला अधिक गंमत वाटली ती साध्या धातूच्या बिल्ल्याची. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. समुद्रमार्गाने हे अंतर सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचे. पूर्व आणि पश्चिम दोन्ही किनारे एकाच मादीचे असू शकतात हे कळायला नुसती घरटी मोजून भागले नसते. त्या मादीच्या पंखावरचा आकडा कोणीतरी वाकून वाचावा लागला.

बिल्ला मात्र गंजतो, पंख फाडून गळतो, आणि लावण्यासाठी जनावर धरावे लागते. ईस्ट आयलंडचे तर बेटच गेले: २०१८ च्या ऑक्टोबरात वालाका नावाच्या चक्रीवादळाने त्याची बहुतेक वाळू एका तडाख्यात नेली. पुढच्या हंगामात माद्या आल्या त्या शेजारच्या बेटांकडे वळल्या. वाळूवरचा मुक्काम असा हलला, तरी माउईच्या प्रवाळांवर परतलेल्या मादीचा गाल तोच असतो.

गालाच्या या नोंदींतही एक अडचण राहतेच. पाण्याखाली कासव एकच बाजू दाखवून निघून जाते. मग वहीत एक डावा गाल राहतो आणि कुठेतरी वेगळ्या पानावर एक उजवा. दोन कासवे म्हणावीत की एकच, हे सांगता येत नाही. अशी अर्धी पाने पाहणाऱ्यांकडे वर्षानुवर्षे तशीच पडून असतात. मग एखाद्या उन्हाळ्यात ते जनावर समोरून येते, आधी इकडे आणि मग तिकडे मान वळवते, आणि त्या रात्री दोन पाने एकत्र टाचली जातात.