चिनी बालकांच्या वाढीची प्रमाणे

बालकाची वाढ यथायोग्य होत आहे किंवा नाही, हे केवळ नजरेने ठरविता येत नाही. त्यासाठी निरोगी बालकांच्या मोजमापांवरून सिद्ध केलेले प्रमाण हाताशी असावे लागते. असे प्रमाण कसे तयार होते, हे चीन देशाच्या उदाहरणावरून चांगले समजते.

चीनमध्ये १९७५ साली सात वर्षांखालील बालकांची मोठी पाहणी झाली. उत्तरेकडील बीजिंग, हार्बिन व शिआन. मध्यभागातील शांघाय, नानजिंग व वूहान. आणि दक्षिणेकडील ग्वांगझौ, फूझौ व कुनमिंग अशी नऊ शहरे व त्यांच्या आसपासचा भाग तीत घेतला होता. उत्तरेकडील मुले दक्षिणेकडील मुलांपेक्षा सरासरीने उंच भरतात. म्हणून एकाच प्रांताचे माप साऱ्या देशाला लावणे योग्य झाले नसते. पुढे दर दहा वर्षांनी, २०१५ पर्यंत, ही पाहणी पुन्हा करण्यात आली.

मोजण्याची पद्धत सर्वत्र एकच होती. तीन वर्षांखालील बालकांची लांबी निजवून, तर त्याहून मोठ्यांची उंची उभे करून घेतली गेली. वजन, मस्तकाचा घेर व छातीचा घेर यांचीही नोंद झाली.

प्रमाण म्हणजे एकच आकडा नव्हे. एकाच वयाची शंभर निरोगी मुले उंचीच्या क्रमाने उभी केली, तर मधले मूल तेवढे योग्य व बाकीची सदोष, असे कोणी म्हणणार नाही. मुलगे व मुली यांची कोष्टकेही निराळी असतात.

या पाहण्यांतून एक मोलाची गोष्ट दिसून आली. १९७५ साली शहरातील व शहराबाहेरील मुलांच्या उंचीत व वजनात स्पष्ट तफावत होती; चाळीस वर्षांत ती पुष्कळच कमी झाली. लोक तेच, प्रदेशही तोच. बदलले ते अन्न, आरोग्य व संगोपन. त्यावरून, पूर्वीचे ते खुजेपण सर्वस्वी जन्मजात नव्हते, हे उघड होते.

शिक्षकांनी यातून इतका बोध घ्यावा की, बालक ठेंगणे दिसताच ‘घराण्याचीच ठेवण’ म्हणून ते सोडून देऊ नये. ठराविक काळाने, त्याच रीतीने मोजमाप घेऊन ते लिहून ठेवावे. वाढ थांबलेली दिसल्यास पालकांना सांगून बालकास वैद्यकीय तपासणीसाठी पाठवावे.