ग्राफिक्स कार्ड आणि अर्जनवीस

दुकानातून ग्राफिक्स कार्ड आणलं की डब्यातून अर्धीच वस्तू घरी येते. उरलेली अर्धी म्हणजे ड्रायव्हर. हा गाडी हाकणारा नव्हे. संगणकावरचा खेळ जे चित्र मागतो, ती मागणी कार्डाला कळेल अशा भाषेत पोचवणारं हे सॉफ्टवेअर. ते वरचेवर बदलत राहतं. म्हणून आज रडतखडत चालणारं कार्ड वर्षभराने, एक स्क्रूही न हलवता, जोरात धावू लागतं. नव्याने बाजारात उतरलेल्या कंपनीच्या बाबतीत हे फार ठळकपणे दिसतं.

आमच्या सेलूत हा मध्यस्थ समजावून सांगणं सोपं आहे. सप्टेंबर १९४८पर्यंत हा मुलूख निजामाच्या संस्थानात होता आणि कचेरीचा कारभार उर्दूत चाले. शेतकरी बोलणार मराठीत, कचेरी वाचणार उर्दूत, मधे अर्जनवीस. (फडणवीस, चिटणीस यांच्यातला लिहिणारा तो हाच.) मुरलेला अर्जनवीस शब्दाला शब्द ठेवत नसे. समोरचा उलटसुलट सांगे. त्यातलं काय गाळायचं, काय आधी मांडायचं, कोणत्या साहेबापुढे कसं लिहायचं, हे त्याला शेकडो अर्ज लिहून उमगलेलं असे.

एनव्हिडिया ही १९९३ची कंपनी. एएमडीने २००६ साली विकत घेतलेली एटीआय तर १९८५ची. त्यांचे ड्रायव्हर असे मुरलेले आहेत. अमुक खेळ चुकीच्या क्रमाने मागणी करतो, तमुक खेळ नको तेवढी स्मृती अडवतो, अशा एकेका खेळाच्या खोडी त्यांत नोंदलेल्या असतात.

ऑक्टोबर २०२२मध्ये इंटेलने आर्क ए७५० आणि ए७७० ही कार्डं आणली. इंटेल ही प्रोसेसरमधली जुनीजाणती, पण स्वतंत्र ग्राफिक्स कार्डात नवखी. १९९८मध्ये तिने आय७४० आणून पाहिलं होतं, ते फार टिकलं नाही. पुढे प्रोसेसरच्या पोटातल्या छोट्या ग्राफिक्ससाठी तिने ड्रायव्हर लिहिले. मोठ्या कार्डाला ते पुरेनात.

गंमत अशी की नवे खेळ आर्कवर बरे चालत आणि जुने अडखळत. ग्राहकाला हे उलटं वाटलं. कारण साधं आहे. २०१५च्या डायरेक्टएक्स १२ पद्धतीत खेळ लिहिणारा स्वतःच अर्ज तपशीलवार लिहून देतो. ड्रायव्हरला फार डोकं चालवावं लागत नाही. डायरेक्टएक्स ९ आणि ११ या आधीच्या पद्धतींत मात्र बरंचसं ड्रायव्हरवर सोडलेलं असतं. डायरेक्टएक्स ९साठी इंटेलने आर्कवर स्वतःचा दुभाषी ठेवलाच नव्हता. मायक्रोसॉफ्टच्या एका थरातून ती मागणी आधी १२च्या भाषेत जाई, मग कार्डाकडे. भाषांतराचं भाषांतर! कवितेचं असं केलं तर काय उरतं हे मला ठाऊक आहे. इथे वेग उरत नव्हता.

मग दुरुस्ती सुरू झाली. डीएक्सव्हीके नावाचं मुक्त सॉफ्टवेअर होतं. विंडोजचे खेळ लिनक्सवर चालावेत म्हणून ते लिहिलेलं. २०२२च्या अखेरीस इंटेलने काही जुन्या खेळांसाठी त्याचा आधार घेतला. तयार, चांगला दुभाषी शेजारी असताना त्याला बोलावण्यात कसला कमीपणा? फेब्रुवारी २०२३मध्ये कंपनीने डायरेक्टएक्स ९च्या खेळांत सरासरी ४३ टक्के, तर ऑगस्टमध्ये डायरेक्टएक्स ११च्या निवडक खेळांत सरासरी १९ टक्के वेगवाढ सांगितली. आकडे कंपनीचे, पण फरक बाहेरच्या परीक्षकांनाही दिसला. यामागचं काम कंटाळवाणं असतं. गिऱ्हाईक तक्रार करतो, इंजिनिअर तो खेळ चालवून प्रोसेसर कुठे ताटकळतो ते शोधतो, तेवढीच वाट मोकळी करतो, आणि पुढच्या खेळाकडे वळतो.

मात्र सगळंच ड्रायव्हरने सुधारत नाही, आणि आपल्याकडच्या माणसाने हे नीट ऐकावं. आर्कला रिसायझेबल बार नावाची सोय लागते. ती नसेल तर प्रोसेसरला कार्डाच्या स्मृतीत एका वेळी २५६ मेगाबाइटच्या खिडकीतूनच डोकावता येतं, आणि आर्क चांगलंच मंदावतं. इंटेलचा दहाव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर हवा, असं कंपनीच सांगते. डिसेंबर २०२४मध्ये आर्क बी५८० आलं, किंमत २४९ डॉलर, स्मृती १२ जीबी. त्याचं कौतुक झालं. पण महिन्याभरातच चाचण्यांत दिसलं की प्रोसेसर जुना किंवा हलका असला तर काही खेळांत ते बरंच मागे पडतं, कारण त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरला जास्त राबवतो. म्हणजे स्वस्त कार्ड ज्याला परवडतं, त्याच्याच जुन्या यंत्रावर त्याची कसोटी. आपल्या तालुक्याच्या गावांत कचेऱ्यांनी काढून टाकलेले संगणक घेऊन शिकणारी, खेळणारी मुलं पुष्कळ आहेत. बापाच्या सोयाबीनच्या पट्टीतून आलेले पैसे असतात ते.

तेव्हा पैसे देण्याआधी आपला प्रोसेसर कितव्या पिढीचा आहे ते विचारा आणि बायोसमध्ये रिसायझेबल बार चालू होतो का ते पाहा. होत नसेल तर एनव्हिडिया किंवा एएमडीचं साधं कार्ड बरं. होत असेल तर आर्क जरूर घ्या. फक्त ड्रायव्हर मित्राच्या पेनड्राइव्हवरचा जुना नको, इंटेलच्या संकेतस्थळावरून ताजा उतरवून घ्या.