औषधांतील गोडी आणि अमेरिकेंतील कायदा

बालकास कडू औषध पाजण्याचा प्रसंग ज्या घरांत कधीं आला नाहीं, असें घर विरळाच. आमच्या प्राचीन वैद्यांनीं हें जाणून अनुपानाची योजना केली खरी. परंतु अनुपान ही केवळ चव सुधारण्याची युक्ति नव्हे. मध, तूप किंवा कोमट पाणी, यांपैकीं कशाबरोबर कोणतें औषध द्यावें, हें वैद्यानें ठरवावयाचें असे. (सहज आठवलें म्हणून सांगतों: वैद्यकांत ‘कटु’ म्हणजे तिखट, आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. मराठींतील ‘कडू’ हा शब्द ‘कटु’पासूनच आला, पण वाटेंत त्याचा अर्थ पालटला.) औषधांत स्वाद मिसळण्याचा अधिकार कोणाचा, आणि मिसळणारानें कोणते नियम पाळावे, हाच प्रश्न अमेरिकेंत अलीकडे मोठ्या वादाचा झाला आहे.

तेथें मुलांचीं पुष्कळशीं जंतुनाशक औषधें भुकटीच्या रूपांत औषधविक्रेत्याकडे येतात, व तो कारखान्याच्या सूचनेप्रमाणें पाणी घालून बाटली तयार करून देतो. क्लिंडामायसिन किंवा प्रेडनिसोलोन यांचा कडवटपणा असा कीं, पहिल्या चमच्यानंतर मूल तोंड घट्ट मिटून घेतें, आणि औषध अर्ध्यावर राहतें. म्हणून आईबापांच्या सांगण्यावरून विक्रेता कलिंगडाच्या वा द्राक्षाच्या स्वादाचे थेंब त्यांत टाकी. हें पुष्कळांस निव्वळ सौजन्य वाटे. परंतु तेथील औषधसंहितेचें, म्हणजे युनायटेड स्टेट्स फार्माकोपियाचें, ७९५ वें प्रकरण सुधारून १ नोव्हेंबर २०२३ पासून अमलांत आलें, आणि स्वाद मिसळणें हें ‘कंपाउंडिंग’, म्हणजे औषध नव्यानें सिद्ध करणेंच होय, असें त्या संस्थेनें स्पष्ट केलें. मग शिक्षण घेतलेला मनुष्य, लेखी कृति, नोंदी व वापराची अंतिम तारीख हें सर्व ओघानेंच आलें. चार थेंबांसाठीं एवढा खटाटोप कशाला, अशी विक्रेत्यांची तक्रार! औषधव्यवसायाचे नियम तेथें राज्याराज्यांचीं मंडळें करीत असल्यामुळें कित्येक राज्यांनीं स्वादास यांतून सूटही दिली.

ही तक्रार अगदींच पोकळ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. नियमांच्या धाकानें दुकानदारानें स्वाद देणेंच बंद केलें, तर हानि आजारी मुलाचीच. तथापि या कडकपणाच्या मागें एक दारुण इतिहास आहे, तो विसरून चालणार नाहीं.

१९३७ सालीं टेनेसी राज्यांतील ब्रिस्टल येथील मॅसेनगिल कंपनीनें सल्फानिलामाइड हें औषध पातळ रूपांत बाजारांत आणलें. तें विरघळविण्यास डायएथिलिन ग्लायकॉल हा द्रव घेतला, आणि रासबेरीचा स्वाद दिला. कंपनीच्या प्रयोगशाळेंत रंगरूप, वास आणि चव यांची परीक्षा झाली. विषारीपणाची मात्र झालीच नाहीं. शंभरांहून अधिक माणसें मूत्रपिंडें निकामी होऊन मेलीं, त्यांत पुष्कळ मुलें होतीं. विक्रीपूर्वीं औषध निर्धोक असल्याचें सिद्ध करावें, असा कायदाच तेव्हां नव्हता. कंपनीवर आरोप ठेवतां आला तो एवढाच, कीं ज्यांत मद्यार्क नाहीं त्यास ‘एलिक्सिर’ म्हटलें! पुढें १९३८ चा कायदा झाला तो या अनर्थामुळेंच. तेंच विष २०२५ सालीं मध्य प्रदेशांतील छिंदवाड्याच्या बालकांस खोकल्याच्या औषधांतून भोंवलें. त्यांतील कित्येकांस उपचारांसाठीं नागपुरास आणलें होतें.

गोडीचा दुसरा धोका निराळा आहे. मुलांसाठीं नारिंगाच्या स्वादाच्या अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या अमेरिकेंत निघाल्या, तेव्हां मुलें त्या खाऊ समजून मूठभर खाऊं लागलीं. १९७० मध्यें मुलांस सहज न उघडणाऱ्या झांकणांविषयीं कायदा करावा लागला, त्यास हेंही एक कारण होतें.

आमच्या मतें मधला मार्ग असा: स्वाद जरूर द्यावा, पण त्यानें औषधाची अम्लता बदलते कीं काय, टिकण्याची मुदत घटते कीं काय, हें आधीं तपासलेलें असावें, आणि काय घातलें तें बाटलीवर लिहावें. घरींही हाच विचार लागू आहे. सिप्रोफ्लॉक्सासिन नुसत्या दुधाबरोबर दिल्यास तें शरीरांत कमी शोषलें जातें. तेव्हां दूध, सरबत वा मध यांत औषध कालविण्यापूर्वीं गृहिणींनीं डॉक्टरांस तेवढें विचारून घ्यावें.